घरच्या नेटवर्कवर नावं कुठे ठेवायची: होस्ट्स फाइल, डॉट लोकल की राउटर?

घरात दोन लॅपटॉप, प्रिंटर, नॅस (नेटवर्कवरची सामायिक डिस्क) आणि एखादा रास्पबेरी पाय (छोटा, स्वस्त संगणक) असला, की १९२.१६८.१.२३ कुणाचा आणि २७ कुणाचा हे लक्षात राहत नाही. त्यातून डीएचसीपीने (मशीनना आपोआप पत्ते वाटणारी सोय) दिलेला आयपी, म्हणजे हा आकडी पत्ता, कधी बदलेल याचाही नेम नसतो. म्हणून मशीनला नावाने गाठता यायला हवं. माझा कल राउटरकडे आहे: जो आयपी वाटतो त्यालाच नावही माहीत असावं. पण प्रत्येक घराला तेच सोयीचं पडेल असं नाही.

होस्ट्स फाइल हा सगळ्यांत जुना उपाय. १९८३ मध्ये डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी सांगणारी व्यवस्था, आलं; त्याआधी अख्खं आर्पानेट (इंटरनेटचा पूर्वज) अशाच एका यादीवर चालायचं. एका ओळीत आयपी आणि त्यापुढे नाव, एवढंच. कुठलाही सर्व्हर लागत नाही. मात्र प्रत्येक मशीनवर फाइल वेगळी लिहावी लागते, आयपी बदलला की सगळीकडे दुरुस्ती करावी लागते आणि फोनवर सहसा त्या फाइलला हातच लावता येत नाही. दोनच मशीन असतील आणि त्यांचे आयपी पक्के केलेले असतील, तर खुशाल वापरा.

डॉट लोकल, म्हणजे एमडीएनएस (मशीननी आपसातच नावं विचारायची पद्धत), बहुतेकांकडे आधीपासूनच चालू असतं. ॲपलमध्ये बाँजूर, लिनक्सवर अवाही, विंडोज १० पासून अंगभूत. तुम्ही 'नॅस.लोकल' टाइप केलं की २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना ऐकू जाणाऱ्या) पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर, 'हे नाव कुणाचं?' अशी विचारणा जाते आणि ज्याचं नाव तो स्वतःच उत्तर देतो. काही सेटिंग करावं लागत नाही, आयपी बदलला तरी बिघडत नाही. पण ही विचारणा आपल्या सबनेटबाहेर, म्हणजे नेटवर्कच्या आपल्या तुकड्याबाहेर, जात नाही. गेस्ट वायफायवरून किंवा बाहेरून व्हीपीएनने आलात तर नाव सापडणार नाही. शिवाय एकाच नावाची दोन मशीन निघाली, तर एक जण मुकाट्याने 'नॅस-२.लोकल' होतो आणि बॅकअपची स्क्रिप्ट जुन्या नावाने शोधत बसते.

राउटरच्या डीएनएसमध्ये हे प्रश्न बरेच सुटतात. अनेक राउटरमध्ये आणि ओपनडब्ल्यूआरटीमध्ये (राउटरवर टाकता येणारी मुक्त प्रणाली) डीएनएसमास्क असतो; हा छोटा प्रोग्रॅम डीएचसीपी आणि डीएनएस दोन्ही सांभाळतो. मशीन आयपी मागताना आपलं नाव कळवतं, डीएनएसमास्क ते टिपून घेतो आणि लगेच सगळ्यांना सांगू लागतो, फोनलासुद्धा. पाय-होलही (घरात चालवायचा, जाहिराती अडवणारा डीएनएस सर्व्हर) हेच करू शकतो, पण डीएचसीपी त्याच्याकडे सोपवलं तर किंवा नावं हाताने भरली तर. पाय-होल बंद पडला की मात्र घरातलं इंटरनेटही बंद पडल्यासारखं होतं, हे आधीच ध्यानात घ्या. भीतीपोटी डीएचसीपीत दुसरा डीएनएस म्हणून एखादा सार्वजनिक सर्व्हर टाकू नका. तो फक्त अडीअडचणीला वापरला जाईल असं नसतं. मशीन केव्हाही त्याच्याकडे वळतं, तिथे 'असं नाव नाही' असं उत्तर मिळतं आणि घरातलं नाव कधी चालतं, कधी नाही. ब्राउझरमध्ये डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस (नावं थेट बाहेरच्या सर्व्हरला गुप्तपणे विचारण्याची सोय) चालू असेल, तर तोही राउटरला वळसा घालू शकतो.

राउटरवर डोमेन, म्हणजे नावाला जोडायची शेपटी, ठरवताना 'लोकल' घेऊ नका, ते एमडीएनएससाठी राखीव आहे. 'डेव्ह'ही नको: ते खरंखुरं डोमेन आहे आणि ब्राउझर त्यावर एचटीटीपीएसची सक्ती करतात. घरासाठी २०१८ च्या आरएफसी ८३७५ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारा दस्तऐवज) 'होम.आर्पा' राखून ठेवलं आहे, ते निर्धास्त वापरा.

राउटरमध्ये नावांची सोय नसेल आणि वेगळं मशीन सांभाळायचं नसेल, तर डॉट लोकलवर राहा. प्रिंटर आणि फायली यांना ते पुरतं.

कुठलाही मार्ग घ्या, तपासताना एनएसलुकअप या कमांडवर विसंबू नका. तो थेट डीएनएस सर्व्हरला विचारतो, होस्ट्स फाइल बघतच नाही. पिंग करून बघा. लिनक्सवर 'गेटएंट होस्ट्स' आणि पुढे नाव दिलं की बाकीच्या प्रोग्रॅमना मिळतं तेच उत्तर दिसतं.