पडद्यामागे भिंत

आधी आकडा सांगते, कारण तो तोंडातून काढायलाच मला चार महिने लागले. ९,८४,००० रुपये. दोघांचे. भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ, बाल्कनीचा सुइट, पेयांचं पॅकेज, वायफाय, टिप्स, मार्सेय-जेनोआ-रोमच्या सहली, विमान, व्हिसा, सगळं 'आत'. हा 'आत' शब्द आता कुणी उच्चारला की माझं डोकं फिरतं.

आणि हो, मी ३१ वर्षं बँकेत होते. चेकवरची सही जरा तिरकी दिसली तरी काउंटरवरून परत पाठवणारी बाई. लेक हेच म्हणाली, "आई, तू बँकेत होतीस ना गं?" त्यावर मी काय बोलणार?

एजंट ठाण्याचा, आम्ही नाशिकचे. ओळख जाऊबाईंमुळे. त्या त्याच्याचकडून सिंगापूर-मलेशिया करून आल्या होत्या आणि सगळं व्यवस्थित झालं होतं, हे मुद्दाम लिहिते. आम्ही काही रस्त्यावरच्या फलकावरचा नंबर फिरवला नव्हता. तो घरी आला, चहा घेतला, ह्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, लिफ्टजवळची खोली मिळवून देतो म्हणाला. ह्यांच्या निवृत्तीचं निमित्त होतं. आयुष्यभर एलटीसीवर कन्याकुमारी आणि काश्मीर केलं, एकदा तरी थाटात जाऊ, एवढंच मनात होतं. यात माझं काय चुकलं?

चुकलं ते पुढे. पैसे तीन हप्त्यांत गेले: २,५०,०००, मग ४,००,०००, शेवटी ३,३४,०००. खातं कंपनीचं नव्हे, एका बाईच्या नावाचं बचत खातं. मी विचारलं. विचारलं, हे लक्षात घ्या! तो म्हणाला, "करंट अकाउंटला ऑडिट चाललंय मॅडम, ही मिसेसच आहे. आणि यात तुमचा टीसीएस आणि जीएसटी दोन्ही वाचतात." पाच टक्के जीएसटी ४९,२०० आणि टीसीएस, म्हणजे परदेशी टूर विकणाऱ्याने आपल्याकडून आगाऊ घ्यायचा आयकर, तेव्हा दहा लाखांच्या आत पाच टक्के, तोही तेवढाच. दोन्ही मिळून लाखाला सोळाशे कमी. मी गप्प बसले.

टीसीएस बुडत नाही, हे मला माहीत होतं. तो आपल्याच पॅनवर जमा होतो, २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या कर-पत्रकात, दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. हे मी ग्राहकांना समजावून सांगितलेलं आहे. तरीही 'वाचतो' हा शब्द कानाला गोड लागला. परदेशी टूर विकणारा टीसीएस घेत नसेल, तर तुमचा पैसा त्याच्या हिशेबात 'टूर' म्हणून कुठेच नाही. घरी बसून मोबाइलवर तपासता येणारी गोष्ट आहे ही. हप्ता भरलेली तिमाही संपल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी २६एएस उघडा. कोरं दिसलं, तर पुढचा हप्ता देऊ नका. मी उघडलं नाही, कारण मीच 'वाचवलेला' पैसा मला तिथे कसा दिसणार?

पण माझी खरी चडफड या गोष्टीवर नाही. ती पुढच्या गोष्टीवर आहे.

निघायच्या नऊ दिवस आधी रात्री झोप येत नव्हती म्हणून मी क्रूझ कंपनीचं अॅप उघडलं, बुकिंग नंबर घातला. त्याने बजावलं होतं, "अॅपमध्ये हात घालू नका, दोन ठिकाणाहून लॉगिन झालं की बुकिंग लॉक होतं." (हे वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं, तर समजून जा.) आमची दोन नावं आली, तारखा बरोबर, जहाज बरोबर. खोलीच्या क्रमांकाच्या जागी आकडा नव्हता. तीन अक्षरं होती: जी, टी, वाय. सकाळी सात वाजता त्याला फोन लावला. तो हसला. "मॅडम, जीटीवाय म्हणजे गॅरंटी. तुमचा सुइट गॅरंटीड आहे. नंबर पोर्टवर मिळेल."

खोटं बोलला नाही हो तो! जीटीवाय म्हणजे गॅरंटीच. फक्त क्रूझच्या धंद्यात गॅरंटी केबिन म्हणजे "जहाजावर जागा नक्की, कुठली ते आम्ही ठरवू, उरलेलीतली देऊ." स्वस्तात जाणारे लोक मुद्दाम घेतात. मी तिथेच गूगल केलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. पण मी चहा टाकायला उठले. बॅगांना लावायचे टॅग त्याने छापून पाठवले होते, त्यावरही खोलीची चौकट रिकामी. मी स्वतःच्या हाताने ते टॅग प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्टेपल केले. हे आठवलं की अजून मध्यरात्री जाग येते.

सप्टेंबर २०२५. बार्सिलोनापर्यंत सगळं खरं होतं. विमान खरं, व्हिसा खरा, एका रात्रीचं हॉटेल खरं. म्हणून तर माणूस गाफील राहतो. कोलंबसच्या खांबापाशी बस पकडून आम्ही बंदरावर गेलो. जहाज बघून हे म्हणाले, "आपल्या अख्ख्या सोसायटीपेक्षा मोठं आहे गं." काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट स्कॅन केले, फोटो काढला, दोन कार्डं दिली. पाचवा मजला. मी विचारलं, सुइट वर असतात ना? ती गोड हसली आणि पुढच्याला बोलावलं.

खोलीत शिरलो. दोन पलंग, मध्ये चपला ठेवण्याइतकी जागा, आणि समोरच्या भिंतीवर पडदा, चांगला जाड, निळा. ह्यांनी बॅग खाली ठेवली आणि समुद्र दिसेल म्हणून पडदा सरकवला. मागे भिंत. पांढरी, गुळगुळीत भिंत. ह्यांनी पडदा परत लावला, पुन्हा सरकवला. जणू दुसऱ्यांदा खिडकी येईल! मी हसले त्या क्षणी. खरंच हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

रिसेप्शनला रांग. आमचा नंबर लागला दुसऱ्या संध्याकाळी, मार्सेय झाल्यावर. तिथे नशिबाने काणकोणचा एक मुलगा होता. आमचं मराठी ऐकून त्यानेच हाक मारली. स्क्रीन बघितला आणि आवाज खाली करून म्हणाला, "आंटी, ही इनसाइड गॅरंटी. सगळ्यात खालची. ड्रिंक्स नाहीत, वायफाय नाही, एक्सकर्शन एकपण नाही." मी मोबाइलवरचं कन्फर्मेशन दाखवलं. त्याने ते बोटांनी मोठं करून पाहिलं. 'सुइट' या शब्दाचं अक्षर बाकीच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड होतं. किंचित! चेकवर असतं तर मी पकडलं असतं. पीडीएफवर कोणी काहीही लिहू शकतं, आणि कागद एजंटकडून नव्हे, जहाज कंपनीच्या मेलवरून यायला हवा, एवढं मला ६१व्या वर्षी समजलं.

बाल्कनी रिकामी आहे का विचारलं. जहाज भरलेलं. पैसे देऊनही नाही.

पहिल्या संध्याकाळपासून, आम्हाला हे माहीत व्हायच्या आधीच, गच्चीवर बसून ह्यांनी एक बिअर, मी लिंबू सोडा, जेवताना पाण्याच्या दोन बाटल्या, कॉफी असं दोन दिवस 'आत' समजून घेतलं होतं. पाण्यालासुद्धा पैसे असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या रात्री टीव्हीवर खातं उघडलं: ९३.६० युरो. शिवाय सर्व्हिस चार्ज रोज माणशी १२ युरो, आपोआप. सात रात्रींचे दोघांचे १६८. युरो तेव्हा १०३-१०४ रुपयांना होता, कार्डावर त्याहून जास्त. त्यानंतर आम्ही बुफेतल्या यंत्राचं पाणी घरून नेलेल्या स्टीलच्या बाटलीत भरून आणायचो, चोरासारखे इकडेतिकडे बघत. नऊ लाख चौऱ्याऐंशी हजार मोजून!

फोनचं वेगळंच. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की मोबाइल जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटतो. आपलं 'युरोप रोमिंग' पॅक तिथे चालेलच असं नाही, आमचं चाललं नाही. मी एजंटला दोन कॉल लावले, एकूण ११ मिनिटं, त्यातली नऊ "मॅडम, मी वरच्या ऑफिसला बोलतो" ऐकण्यात गेली. बिल ८,७३२ रुपये. जहाज सुटलं की फोन सरळ एअरप्लेन मोडवर टाका. माझं ऐका.

मार्सेयला सकाळी थिएटरमध्ये सहलीचे लोक जमतात आणि छातीवर गोल स्टिकर लावतात. आम्ही आपली व्हाउचरं घेऊन ऐटीत रांगेत. बाईने ती उलटीपालटी केली आणि परत दिली. मागे चाळीस माणसं. आम्ही बाजूला झालो. बंदर शहरापासून बरंच लांब, उत्तरेला, गोदामांच्या मधे. टेकडीवरचं नोत्र-दाम दे ला गार्द चर्च आम्ही डेकवरूनच बघितलं. त्या दिवशी दोघं एकमेकांशी बोललोही नाही. मी म्हटलं नव्हतं का, हे वाक्य ह्यांनी उच्चारलं नाही, पण चेहऱ्यावर होतं. (त्यांनी म्हटलं नव्हतंच मुळी! पैसे द्यायला तेही तयार होते.)

जेनोआ बरं गेलं, कारण जहाज अगदी गावाला लागतं आणि पायी फिरता येतं. १५४३चा तो लांतेर्ना दीपस्तंभ बंदरातूनच दिसतो, त्याला कुणाचं व्हाउचर लागत नाही.

मग चिवितावेक्किया. 'रोमचं बंदर' म्हणतात, पण रोम तिथून ऐंशी-एक किलोमीटर आहे. व्हाउचरवर लिहिलेलं: सकाळी ८, खासगी गाडी, नावाची पाटी. पावणेदहापर्यंत उभे. मीच वेड्यासारखी उभी राहिले, हे सांगायला लाज वाटते. तोपर्यंत मला सगळं कळलेलं होतं, तरी वाटत होतं, एवढं तरी केलं असेल मेल्याने. टॅक्सीवाल्याने ३५० युरो सांगितले. शेवटी बंदराची बस लार्गो देल्ला पाचेपर्यंत, तिथून स्टेशन, लोकल गाडीने सान पिएत्रो. व्हॅटिकन तिथून चालत. दोन तास चौकात बसलो, घरून आणलेल्या शंकरपाळ्या खाल्ल्या आणि घड्याळ बघत परत पळालो, कारण स्वतःहून गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. ह्यांच्या गुडघ्याने त्या दिवशी जे सहन केलं, त्याचा आकडा माझ्याकडे नाही.

पुढच्या दिवसांचं सांगत नाही. पैठणी बॅगेतून काढलीच नाही.

आता हिशेब. त्याच आठवड्यातल्या अशाच खोल्या कंपनीच्या साइटवर माणशी ६४९ युरोंना होत्या. म्हणजे दोघांचे साधारण १,३५,००० रुपये. विमान १,२७,४००, व्हिसा २६,०००, बार्सिलोनाचं हॉटेल १४,०००. तीन लाख आणि वर दोन-अडीच हजार. उरलेले साधारण ६,८०,००० रुपये त्याच्या मिसेसच्या बचत खात्यात.

परत आल्यावर एजंट म्हणाला, जहाजाने 'डाउनग्रेड' केलं, रिफंड प्रोसेसमध्ये आहे. तीन आठवड्यांनी फोन बंद.

आणि मग सुरू झाली दुसरी यात्रा. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी अर्ज द्या. तिसऱ्या दिवशी अर्जावर शिक्का नाही, कारण शिक्का ज्यांच्याकडे ते सुट्टीवर. चौथ्या खेपेला एकाने माझे सगळे कागद चाळले आणि विचारलं, "मॅडम, जाऊन तर आलात ना?" मी म्हटलं, हो. "मग फसवणूक कुठे? हा दिवाणी मामला आहे. एजंटच्या गावाला जा." ठाण्याला गेले, भाडं आणि रिक्षा धरून १,१६० रुपये. तिथे म्हणाले, पैसे नाशिकमधून गेले, तुमच्याकडेच गुन्हा नोंदवा. सायबरच्या हेल्पलाइनवर विचारलं, ओटीपी कुणाला दिला का? नाही दिला. लिंक दाबली का? नाही. मग आमच्याकडे बसत नाही. माझ्याच जुन्या बँकेत, माझ्याच जुन्या टेबलामागच्या मुलाने सांगितलं, "काकू, व्यवहार तुम्ही स्वतः केलाय ना." आणि वर, "तुम्ही तरी…" हे 'तुम्ही तरी' मला चौघांनी ऐकवलं.

जाऊन तर आलात ना! या एका वाक्यावर त्याचा सगळा धंदा चाललाय. पैसे घेऊन पळाला असता तर एव्हाना आत असता. त्याने आम्हाला विमानात बसवलं, जहाजावर चढवलं, म्हणून तो चोर नाही, फक्त 'सेवेत त्रुटी'. चाळीस रुपयांच्या भाजीत वीसची भाजी भरली तर आपण टोपली उलटी करतो. इथे सहा लाख ऐंशी हजार, आणि मी हौशी म्हातारी!

भाच्याने, तो वकिली करतो, सांगितलं की हद्दीचं कारण देऊन पोलीस टाळू शकत नाहीत, झीरो एफआयआर मागा, आणि पूर्वीच्या ४२०च्या जागी आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आहे ते तोंडावर सांगा. तोंडावर सांगितल्यावर निदान शिक्क्याची पोच मिळाली. तुम्ही पहिल्याच दिवशी पोच मागा, तोंडी काही ऐकूच नका. ग्राहक आयोगात मात्र २०१९च्या कायद्याने आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच ते दहा लाखांपर्यंत फी २०० रुपये. या सगळ्या प्रकरणात मला जाहीर केल्या आकड्यात मिळालेली ही एकमेव गोष्ट.

पुढची तारीख मार्चमधली आहे. भाचा म्हणाला, पुरावे क्रमाने लावा: बँकेचे उतारे, त्याचं कन्फर्मेशन, रिकाम्या चौकटीचे टॅग, कंपनीचा मेल. ह्यांनी हळूच विचारलं, "तो फोटो लावायचा का?" मला माहीतच नव्हतं की त्या पहिल्या दुपारी मी बाथरूममध्ये असताना ह्यांनी फोटो काढला होता. अर्धा सरकवलेला निळा पडदा आणि मागे भिंत. लावलाय. परिशिष्ट ७.