लॉख पार्क, न्यू कमनॉक: ॲलन रफच्या ग्राउंडवरचा एक शनिवार

ग्लासगोत राहणाऱ्या किंवा फिरायला आलेल्या फुटबॉलवेड्यांसाठी लिहितोय. सेल्टिक-रेंजर्स या ग्लासगोच्या मोठ्या क्लबांची तिकिटं नाही मिळाली तर हळहळत बसू नका, सरळ ग्लासगो सेंट्रलवरून न्यू कमनॉक या छोट्या गावाची ट्रेन पकडा आणि तिथल्या लॉख पार्कवर गावच्या टीमची, ग्लेनॅफ्टन ॲथलेटिकची मॅच बघा. माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार.

मी गेलो ते ॲलन रफसाठी, स्कॉटलंडचा जुना गोलकीपर आणि नंतर ग्लेनॅफ्टनचा मॅनेजर. कोल्हापुरात तालमीच्या टीमकडून मी गोलकीपर खेळलोय, शाहू स्टेडियमवर एक सोपा गोल खाल्ला की पेठेत वर्षभर तोच विषय असतो, म्हणून रफबद्दल मला आधीपासूनच आपुलकी. 1978 च्या वर्ल्ड कपमध्ये पेरूच्या कुबियासने मारलेली फ्री किक म्हटलं की लोकांना गोलमध्ये उभा असलेला, पर्म केलेल्या केसांचा रफच आठवतो. पण हाच पोरगा 19 वर्षांचा असताना पार्टिक थिसलसारख्या छोट्या क्लबकडून 1971 ची लीग कप फायनल खेळला आणि त्यांनी त्या वेळच्या बलाढ्य सेल्टिकला 4-1 ने हरवलं, हाफ टाइमलाच 4-0 होतं! पुढे स्कॉटलंडकडून 53 मॅच. 1985 मध्ये कार्डिफला वेल्सविरुद्ध गोलमध्ये असलेल्या जिम लेटनची कॉन्टॅक्ट लेन्स हरवली म्हणून हाफ टाइमला रफला उतरवलं, टीम 1-0 ने मागे होती, नंतर डेव्ही कूपरच्या पेनल्टीने 1-1 झालं, पण त्याच रात्री मॅनेजर जॉक स्टीन स्टेडियममध्येच कोसळले आणि गेले. अशी रात्र बघितलेला माणूस नंतर या खाणकामगारांच्या गावात मॅनेजर म्हणून आला.

इथे एक सांगायला हवं, स्कॉटलंडमध्ये 'ज्युनियर' फुटबॉल म्हणजे लहान मुलांचं नाही. दिवसभर नोकरी करून खेळणाऱ्या मोठ्या माणसांचं, गावागावांच्या खुन्नशीचं फुटबॉल आहे ते. ग्लेनॅफ्टन 1992, 1993, 1994 असं सलग तीन वर्षं ज्युनियर कपच्या फायनलला पोचले. पहिली फायनल शेजारच्या ऑचिनलेक टॅलबटने जिंकली, तिसरी लार्ग्ज थिसलने, पण मधली 1993 ची रफच्या टीमने टेपोर्टला 1-0 ने हरवून जिंकली. मला हे देशाकडून खेळलेल्या त्या 53 मॅचपेक्षा कमी वाटत नाही. वर्ल्ड कप खेळलेल्या माणसाने एवढ्याशा गावाच्या टीमला कप जिंकून द्यायचा म्हणजे पेठेतल्या लोकांना विचारा त्याची किंमत!

गाव कोळशाचं. 1950 च्या सप्टेंबरमध्ये इथल्या नॉकशिनॉक खाणीत वरचा चिखल आत घुसला, 129 माणसं अडकली, शेजारच्या जुन्या खाणीतून रस्ता काढून 116 जणांना बाहेर काढलं, 13 गेले. मॅचच्या आधी वेळ असेल तर हे मनात ठेवून गावातून एक चक्कर मारा, मग ग्राउंडवरचे लोक एकमेकांना इतकं धरून का असतात ते समजतं.

आता मॅच. तिकीट मोठ्या क्लबांच्या मानाने अगदी कमी, आणि कठड्याला टेकून गोलच्या मागे उभं राहता येतं, हेच तर सगळ्यात भारी! किपर बचावाच्या पोरांना काय ओरडतोय ते शब्दन् शब्द ऐकू येतं, कॉर्नरला बॉल पंच केल्याचा आवाज येतो, मोठ्या स्टेडियमात हे मिळणार नाही. शेजारी एक आजोबा उभे होते, मी रफचं नाव काढल्यावर आधी त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि मग सेकंड हाफभर ते 1993 बद्दलच बोलत होते, त्यांचं आयरशरचं, म्हणजे या भागातलं इंग्लिश मला निम्मंच कळलं पण मी मान हलवत सगळं ऐकलं.

खायला स्कॉच पाय (pie) घ्या, मटणाचा खिमा भरलेला, भरपूर मिरी, गरम गरम. बोव्हरिल हे गोमांसाच्या अर्काचं पेय असतं, चालत नसेल तर चहा मागा. जॅकेट जाडच न्या, मे महिना असला तरी. आणि परतीच्या ट्रेनची वेळ निघण्याआधीच बघून ठेवा, मी आजोबांमुळे धावतच स्टेशन गाठलं. पुढच्या महिन्यात ऑचिनलेकविरुद्धची मॅच आहे, त्या दिवशी मी पुन्हा गोलच्या मागेच उभा असेन.