दोन खड्डे, सेफ्टी टँक की गोबरगॅस? गावात संडास बांधण्याआधी

जुन्नरपासून इंदापूरपर्यंत पुणे जिल्ह्यात कुठेही घर बांधायला काढा, संडासाचा विषय आला की गवंडी एकच सांगतो, "दादा, एवढ्याशा खड्ड्यांनी काय होतंय? दहा बाय सहाची टाकी घाला, नातवंडांपर्यंत बघायला नको." घरमालकालाही ते पटतं. टाकी म्हणजे पक्कं काम आणि खड्डा म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्तातलं काम, असा समज घट्ट बसलाय. माझं मत बरोबर उलट आहे. अर्थात जमीन, पाणी आणि गोठ्यातली जनावरं बघून त्यात थोडा फरक पडतो.

आधी दोन शोषखड्ड्यांचं बघू. भांड्यामागे एक छोटं चेंबर, त्यातून वाय आकाराची नाली आणि तिच्या दोन फाट्यांना दोन गोल खड्डे. खड्डा साधारण एक मीटर रुंद आणि तेवढाच किंवा थोडा जास्त खोल. एका वेळी एकच खड्डा चालू, दुसऱ्याच्या तोंडाला वीट लावून बंद. आतलं वीटकाम जाळीदार, तळ मातीचाच. पाणी आणि वायू दोन्ही मातीत जिरतात, म्हणून गॅसचा पाईप लागतच नाही. (तरी हौसेनं लावतात. त्याचा उपयोग फक्त डासांना.) पाच-सहा माणसांच्या घरात एक खड्डा भरायला 3 ते 5 वर्षं जातात. मग चेंबरचं झाकण उचलून वीट या तोंडाची त्या तोंडाला लावायची. भरलेला खड्डा दोन वर्षं तसाच झाकून ठेवला की आतल्या मैल्याची सुकी, भुसभुशीत, वास नसलेली माती होते. हे सोनखत घरचाच माणूस फावड्यानं काढून आंब्याच्या बुडाशी टाकू शकतो. 2017 साली केंद्राचे पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत अशाच खड्ड्यात उतरले आणि खत स्वतः बाहेर काढलं.

सेफ्टी टँकचं, म्हणजे सेप्टिक टँकचं, तसं नाही. टाकीत मैला कुजतो, पण गाळ तळाशी साचतच राहतो आणि दर दोन-तीन वर्षांनी तो उपसायला हवा. टाकी मोठी बांधली म्हणजे उपसा टळत नाही, लांबतो. बाहेर पडणारं पाणीही घाणच असतं, त्याला वेगळा शोषखड्डा लागतो. घरमालकाचे पैसे नेमके तिथे संपतात आणि पाईप गटारात सोडला जातो. वेशीवर हागणदारीमुक्त गावाचा फलक आणि गल्लीच्या गटारात तेच पाणी. खर्चही खड्ड्यांच्या दुप्पट-तिप्पट सहज जातो.

शिवाय उपसणार कोण? रस्त्याकडेच्या गावात मैला ओढणारी गाडी येते. डोंगरातल्या वाडीवर ती चढत नाही. मग कुणाला तरी आत उतरवलं जातं, आणि तो माणूस कुठल्या वस्तीवरून बोलावला जातो हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. 2013 च्या कायद्यानं हे बंद आहे. बंद टाकीतल्या वायूनं माणसं गुदमरून मरतात, तरी थांबलेलं नाही. माझा कौल खड्ड्यांकडे झुकतो तो मुख्यतः यामुळे. खर्च ही नंतरची गोष्ट.

तिसरा पर्याय गोबरगॅसला जोडलेला संडास. यासाठी लांब जायला नको, देहूलाच बघा. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आलेल्या डॉ. मापुसकरांनी कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते आप्पा पटवर्धन यांच्या, मैल्याचं खत करणाऱ्या गोपुरी संडासापासून प्रेरणा घेऊन गावात संडास उभे केले, पुढे ते बायोगॅसला जोडले. 2017 ला त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पण हिशेब समजून घ्या. माणसाच्या मैल्यातून माणशी रोज जेमतेम एक घनफूट गॅस निघतो, त्यावर घराचा चहा झाला तरी खूप. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज 50 किलोच्या आसपास शेण लागतं, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरं हवीत. ती असतील, तर संडासाची भर आणि वर स्लरीचं खत, उत्तम सौदा. नसतील तर नाद सोडा. आणि "त्या गॅसवर भाकरी भाजायची?" हा प्रश्न सासूबाईंकडून येणारच. त्याचं उत्तर बांधकामाआधी घरात झालेलं बरं.

आता जमीन. दौंड, बारामती, इंदापूरच्या काळ्या मातीत पाणी सावकाश जिरतं. तिथे खड्डा थोडा मोठा घ्या आणि भोवती वाळूचा थर भरा. मावळ-मुळशीत पावसाळ्यात पाणी वर येतं नाहीतर हातभर खाली कातळ लागतो. तिथे खड्डे जमिनीच्या वर उचलून भोवती मातीचा भराव करावा लागतो. तेही जमत नसेल, तरच टाकी, आणि तीसुद्धा शोषखड्ड्यासकट. पुरंदर-शिरूरच्या टँकरवाल्या गावांत भांडं जास्त उताराचं, ग्रामीण पद्धतीचं घ्या. दीड-दोन लिटरमध्ये काम होतं.

ग्रामपंचायतीला आणखी एक निवड करायची असते. ठेकेदाराकडून एकदम सगळे संडास बांधून घ्यायचे की गावानंच अंगावर घ्यायचं? स्वच्छ भारतमध्ये पात्र कुटुंबाला 12,000 रुपये मिळायचे. त्यात ठेकेदार उद्दिष्ट गाठतो, पण दुसरा खड्डा कागदावरच राहतो आणि संडासात सरपण भरलं जातं. दुसरं टोक विकास सल्लागार कमल कार यांचं. 1999-2000 च्या सुमारास त्यांनी बांगलादेशात राजशाही भागात सुरू केलेल्या पद्धतीत अनुदान शून्य. गावानं मिळून हागणदारीतून फेरी मारायची, जमिनीवर नकाशा काढायचा आणि ठरवायचं ते गावानंच. आपल्याकडे संत गाडगेबाबा अभियानानं 2000 पासून गावागावांत चुरस लावली, तीही याच्या जवळची. पण लाज वाटायला लावणं आणि पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना पकडणाऱ्या गुड मॉर्निंग पथकानं टमरेलवाल्याच्या गळ्यात हार घालणं, यात फरक आहे. दुसऱ्यात भरडला जातो तो जागा नसलेला गरीबच. म्हणून मी म्हणेन, अनुदान घ्या, पण काम ठेकेदाराच्या हाती देऊ नका. भांडी-विटा एकत्र खरेदी करा आणि देखरेख बचत गटाकडे द्या. स्लॅब टाकण्याआधी गटातल्या दोघी जणींनी खड्ड्यात डोकावून बघायचं: वीटकामात फटी आहेत का, दोन खड्ड्यांत मीटरभर अंतर आहे का, विहीर किमान दहा मीटर लांब आहे का, न्हाणीचं पाणी खड्ड्यात सोडलेलं नाही ना. एवढं जमलं, तरच गवंड्याचा शेवटचा हप्ता सोडायचा.