ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) रिपेर केला म्हणून 18,000 घेतले, डबा उघडलाच नव्हता

खानापुरात माझं गॅरेज आहे. गेल्या पावसाळ्यात कणकुंबीकडच्या एका मामांची डिझेल गाडी ओढून आणली. चालता चालता डॅशबोर्डवरचे सगळे दिवे पेटायचे, स्पीडोमीटरचा काटा पडायचा, बंद केली की परत स्टार्ट नाही. मधेच दोन दिवस ठीक. स्कॅनरवर एबीएस, म्हणजे ब्रेकचा कंप्युटर बोलतंय, ईसीएम बोलत नाही. कोड यू0100, म्हणजे ईसीएमशी संपर्क तुटलाय. तीन दिवस फ्यूज आणि रिले बघण्यात गेले, मामांचे फोनवर फोन.

बेळगावहून एकजण ईसीएम रिपेरीला येतो असं ऐकून होतो, त्याला बोलावलं. वायरिंगला हात न लावता लॅपटॉप बघूनच तो म्हणाला, "मेस्त्री, ईसीएम गेलाय. नवा लई महाग पडंल. 18,000 द्या, आतला आयसी (चिप) बदलून देतो." डबा घेऊन गेला, तिसऱ्या दिवशी आणून बसवला. गाडी एका चावीत चालू. मामांनी रोख पैसे दिले. बिल म्हणून कोऱ्या कागदावर नुसता आकडा.

अकराव्या दिवशी चोर्ल्याच्या रस्त्यावर गाडी परत बंद. मामी दवाखान्याला निघाल्या होत्या, भर पावसात दोघं गाडीत बसून राहिले.

पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते मग केलं. बॅटरीचं टर्मिनल काढून ओबीडी पोर्टच्या, म्हणजे स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांवर मीटर लावला. कॅनच्या, म्हणजे गाडीतले कंप्युटर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींना दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, या गाडीत त्यातला एक ईसीएमच्या आत. सगळं जोडलेलं असलं की मीटर 60 दाखवतो. मला 120 दिसलं, म्हणजे एक टोक सुटलेलं. ईसीएमच्या स्वतःच्या पिनांवर मोजलं तर तिथं बरोबर 120. डबा ठणठणीत, तुटलंय ते मधल्या वायरीत.

पोराला मीटरसमोर बसवलं आणि बॅटरी ट्रेखालचं हार्नेस (वायरींचा जुडगा) मुठीत धरून हलवलं. "साठ... एकशेवीस... परत साठ, मालक!" टेप सोलली तर उंदरानं कुरतडलेली वायर, तांब्याला हिरवट गंज चढलेला, दोन-तीन तारा कशाबशा टेकलेल्या. सोल्डर करून वरून हीट श्रिंकची नळी चढवली. अर्ध्या तासाचं काम.

मग ईसीएमवर टॉर्च मारला. झाकणाच्या कडेचं कंपनीचं सीलंट जसंच्या तसं, स्क्रूच्या खाचांत जुनी तांबडी माती घट्ट बसलेली. डबा कुणी उघडलाच नव्हता. काढताना-बसवताना हार्नेस हललं आणि तारा तेवढ्यापुरत्या जुळल्या, इतकंच. त्या रिपेरीवाल्याला फोन केला तर म्हणे उंदीर नंतर लागला असेल. मग आधीही हाच कोड कसा आला होता? त्यानंतर त्यानं माझा नंबर ब्लॉक केला.

गॅरेजवाल्या भावांनो, ईसीएमचा पॉवर, अर्थ आणि कॅनचे 60 ओहम स्वतः बघितल्याशिवाय डबा कुणाच्या हातात देऊ नका. द्यायचाच झाला तर लेबल, सीलंट, स्क्रू यांचे फोटो काढा, कडेला रंगाची खूण करा, बदललेला आयसी मागून घ्या. डबाच बदलून आणला तर इमोबिलायझर (चोरीविरोधी लॉक) चावी ओळखत नाही, आणि मग कोडिंगचे पैसे वेगळे मागतात. गाडीमालकांनीही "ईसीएम गेलाय" ऐकल्यावर मीटर लावून दाखवा म्हणायला लाजू नये.

मामांना मी 10,000 परत दिलेत, उरलेले गणपतीच्या आत देणार आहे. ते नको म्हणतात. पण त्या माणसाला गाडीपर्यंत मीच आणलं होतं.