शाळा, घर की दोन्ही? प्रज्ञावंत पण चटकन बावरणाऱ्या मुलासाठी निवड करताना

प्रज्ञावंत मुलांच्या घरात होमस्कूलिंगचा विचार बहुधा सकाळच्या रडारडीतून सुरू होतो. मोज्याची शिवण टोचते, कॉलर सहन होत नाही, पोटात दुखायला लागतं आणि शाळेची वेळ टळून जाते. हेच मूल संध्याकाळी कृष्णविवरांवर अर्धा तास न थांबता बोलतं. बघणारे म्हणतात, "एवढं सगळं कळतं, मग मोजे घालायला काय होतं?" पण आठ वर्षांच्या अशा मुलाची बुद्धी बारा वर्षांची असू शकते आणि भावना पाच वर्षांच्या. १९९१ मध्ये कोलंबस ग्रुप या नावाने एकत्र आलेल्या मंडळींनी प्रज्ञावंत असण्याची व्याख्याच या विषम वाढीवर उभी केली. मला ती बुद्ध्यांकाच्या आकड्यापेक्षा जास्त पटते, कारण घरात रोज जे दिसतं ते तिच्यात बसतं.

पर्याय तीन आहेत: शाळेत राहून तिथे बदल करून घेणं, पूर्णपणे घरी शिकवणं, किंवा दोन्हींचा मेळ घालणं. त्यांची तुलना करण्याआधी एक गुंता सोडवावा लागतो, कारण सगळा निर्णय त्यावर अवलंबून आहे.

त्रास की भीती?

मूल शाळा नको म्हणतं त्यामागे संवेदनांचा त्रास असतो किंवा अँग्झायटी, म्हणजे मनात घर करून बसलेली चिंता-भीती असते, आणि पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात. घोळ असा की दोन्हींचे उपाय उलट दिशेचे आहेत. आवाज, वास, स्पर्श, प्रखर दिवे यांचा त्रास खरा असतो. तिथे परिस्थिती बदलावी लागते. "सवय होईल" म्हणून ढकललं तर मूल आणखी बिथरतं. भीतीचं तसं नाही. ज्याची भीती वाटते ते टाळलं की क्षणभर सुटका वाटते, आणि त्या सुटकेवरच भीती पोसली जाते. तिथे छोट्या छोट्या पायऱ्यांनी सामोरं जावंच लागतं.

हे दोन ओळखायचे कसे? शाळा सुटल्यावर, वर्ग रिकामा असताना मुलाला घेऊन जा. ते आरामात बाकावर बसलं, फळ्यावर लिहायला लागलं, तर गर्दी आणि गोंगाट हे मोठं कारण असण्याची शक्यता वाढते. रिकाम्या वर्गाच्या दारातच पाय अडले, किंवा सुट्टीच्या संध्याकाळपासून "उद्या बाईंनी मलाच उभं केलं तर?" हा प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिला, तर भीतीचा वाटा मोठा. कधी एकातून दुसरं जन्मतं. स्वच्छतागृहातलं हात वाळवायचं यंत्र एकदा कानाशी कर्कश वाजतं, आणि पुढे मूल दिवसभर लघवी दाबून ठेवतं, पाणी प्यायचंच सोडून देतं. यंत्र बंद असलं तरी.

या अंदाजावर थांबू नका. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (संवेदना आणि रोजच्या हालचाली-कामांच्या अडचणींवर काम करणारे तज्ज्ञ) आणि मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ या दोघांनाही दाखवा. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत संवेदी प्रक्रियेच्या अडचणी हे वेगळं निदान नाही. ऑटिझमच्या निकषांत मात्र त्यांचा समावेश आहे. त्यामुळे ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) यांची तपासणी टाळू नये. प्रज्ञावंत मुलं अडचणी बुद्धीने झाकून नेतात, म्हणून हे निदान उशिरा होतं. बुद्धिमत्ता चाचणी केली असेल तर एकूण आकड्याशी थांबू नका. भाषा आणि तर्क खूप वर, पण कामाचा वेग साधारण, असा उतार या मुलांत नेहमी दिसतो. तोंडी सगळं येतं आणि वहीत चार ओळी, याचं उत्तर अनेकदा तिथेच असतं.

शाळेत राहून

वर्गात शिकवणं सुरू असताना पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेची १९९९ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. भरलेला वर्ग ही मर्यादा सहज ओलांडतो. पण बरेच बदल बिनखर्चाचे आहेत: भिंतीकडेची जागा, कानावर आवाज कमी करणारे हेडफोन, घंटेआधी पाच मिनिटं बाहेर पडायची मुभा, वेगळं स्वच्छतागृह, लिहिण्याऐवजी टायपिंग. अभ्यासाची भूक असेल तर एखाद्या विषयापुरतं वरच्या वर्गात बसवता येतं. त्याने मुलाचं मन कोमेजेल ही धास्ती बहुतांशी निराधार आहे. ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सुरू केलेल्या दीर्घ अभ्यासात, असं वरच्या वर्गात नेलेल्या मुलांचं मानसिक स्वास्थ्य अनेक दशकांनंतरही त्यामुळे खालावलेलं आढळलं नाही.

शाळेची आणखी एक जमेची बाजू फारशी बोलली जात नाही. आईबाबा जवळ नसताना दिवसातून दहा छोट्या अडचणी निभावणं, हा भीतीवरचा रोजचा सराव असतो. ऐकणाऱ्या शाळेत मिळणारा हा सराव घरी उभा करणं कठीण आहे.

शाळा ऐकतच नसेल तर चित्र पालटतं. मूल दिवसभर स्वतःला आवरून धरतं, शिक्षकांना शांत, पहिला नंबर काढणारं मूल दिसतं, आणि घराचा उंबरा ओलांडताच ते कोसळतं. "आमच्याकडे तर काहीच त्रास देत नाही, घरी लाड होत असतील," हे वाक्य अशा पालकांना पाठ असतं. लेखी कळवून, बैठका घेऊन, तज्ज्ञांचा अहवाल देऊनही काही हललं नाही, आणि मुलाची झोप, खाणं बिघडत चाललं असेल, तर तिथे राहण्याचा हट्ट मी धरणार नाही. मूल जगणंच नको म्हणत असेल तर शाळेची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

घरी शिकवताना

दिवे, आवाज, कपडे, विश्रांती सगळं आपल्या हातात येतं. गणित तीन इयत्ता पुढे आणि लेखन वयाप्रमाणे, हे घरीच बिनबोभाट जमतं. एकास एक शिकवताना पूर्ण शाळेचे तास लागतही नाहीत. लहान वयात रोजचे दोन-तीन तास पुष्कळ होतात, उरलेला वेळ मुलाच्या वेडाला देता येतो. ताणाने थकलेल्या मुलाला सुरुवातीचे काही आठवडे अभ्यासाशिवाय मोकळे द्यावेत, असं होमस्कूलिंग करणारे पालक सांगतात. ते योग्यच आहे.

सावध राहायचं ते त्यानंतरच्या शांततेत. रडणं थांबतं, मूल हसू लागतं, आणि आपण निर्णय बरोबर ठरला असं धरून चालतो. त्रास संवेदनांचा असेल तर ते खरंही असतं. पण भीती असेल तर ती फक्त झोपलेली असते. आधी शाळा सुटते, मग बाग नको होते, मग वाढदिवसाला जाणं नको, शेवटी दारावरची बेल वाजली तरी आतल्या खोलीत पळणं. घर या आक्रसण्याला नकळत मदत करतं, कारण मुलाच्या वतीने आपणच बोलतो, आपणच फोन करतो. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी विकसित केलेल्या स्पेस या पद्धतीत उपचार पालकांवर केले जातात: मुलाची भीती मान्य करायची, पण तिच्यासाठी केलेल्या सोयी एकेक करून कमी करायच्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२४ मुलांवरच्या चाचणीत ही पद्धत मुलांना दिलेल्या सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराच्या, तोडीस तोड ठरली.

म्हणून घरी शिकवायचं तर आठवड्याच्या वेळापत्रकात गणिताइतकंच ठाम स्थान या पायऱ्यांना हवं. ग्रंथालयात स्वतः पुस्तक मागणं, आईबाबांशिवाय एखादा वर्ग, अनोळखी मुलांबरोबर बुद्धिबळ. दुसरी गोष्ट परिपूर्णतेच्या हट्टाची. पहिल्या झटक्यात जमत नाही ते ही मुलं सोडून देतात, आणि घरी ते सोडू देणं फार सोपं असतं. खरोखर अवघड, चुकायला लावणारं काहीतरी रोज समोर असू द्या.

पालकांचाही विचार करा. बहुतेक घरांत एकाची नोकरी अर्धी होते किंवा सुटते, आणि तो एक बहुधा आई असते. शिक्षक, थेरपिस्ट, खेळगडी सगळं तीच होते. तिला दिवसातले काही तास खरोखर मोकळे मिळणार नसतील, तर हा पर्याय कागदावर कितीही छान दिसो, तो टिकत नाही. आपल्यालाही तीच अँग्झायटी असेल तर बाहेरच्या पायऱ्यांसाठी दुसरं कुणीतरी हवंच.

मधला मार्ग

अर्धा दिवस शाळा, किंवा प्रयोगशाळा, चित्रकला, खेळ शाळेत आणि गणित-भाषा घरी. ज्यांच्याकडे त्रास आणि भीती गुंतलेली आहे त्यांना मी आधी हाच पर्याय पाहायला सांगेन. संवेदनांचा भार निम्म्यावर येतो आणि रोज दार ओलांडायची सवय मोडत नाही. अडचण एवढीच की फार थोड्या शाळा तयार होतात. ऑनलाइन वर्ग अभ्यासाची भूक भागवतात. दार ओलांडायचं काम ते करत नाहीत.

कायदा मात्र पाहून घ्या. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं असल्याने घरी शिकवण्याला जवळपास वावच नाही. अमेरिकेत १९९३ पर्यंत सर्व ५० राज्यांत ते कायदेशीर झालं, तरी नोंदणी आणि परीक्षेचे नियम प्रत्येक राज्यात निराळे आहेत. नाव काढण्याआधी शाळेला लेखी विचारा की परत यायचं झालं तर कोणत्या इयत्तेत, कोणत्या परीक्षेवर घेतील. तज्ज्ञांचे अहवाल आणि मुलाच्या कामाचे नमुने तारखेसह एका फाइलमध्ये ठेवा. सहा महिन्यांनी फेरविचाराची तारीख ठरवा, आणि त्या दिवशी अभ्यास किती झाला याच्याही आधी हे पाहा: या सहा महिन्यांत मूल नवीन किती ठिकाणी, किती माणसांबरोबर, आपल्याशिवाय राहिलं.