लिलियन गिशचे मूकपट : दसरा चौकाजवळचा खेळ

१९१२ ते १९२८ या काळातल्या अमेरिकी अभिनेत्री गिशबाईंच्या कामाची ओळख करून देणारा हा खेळ कोल्हापूरकरांनी चुकवू नये. बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' हा मूकपट ज्या १९२० साली इथं तयार झाला, त्याच वर्षीचा 'वे डाउन ईस्ट' पडद्यावर बघणं हाच मोठा आनंद. बर्फाच्या लादीवर पडलेल्या गिशचा हात गार पाण्यात लोंबकळतो, ते पाणी खरंच गोठणारं होतं. 'द विंड'मधलं वादळ विमानांच्या पंख्यांनी उठवलेलं. तिथं नुसत्या डोळ्यांतून वाढत जाणारी भीती बघा!

आयोजकांनी दोन गोष्टी मात्र सुधाराव्यात. सेकंदाला १८ चौकटींनी (फ्रेम्सनी) घेतलेली रिळं २४ ने चालवली की दीड तासाचा पट सव्वा तासाच्या आतच उरकतो, माणसं तुरुतुरु पळतात आणि गिशचा संथ, बारीक अभिनय पार वाया जातो. दुसरं, ४:३ प्रमाणाचं (रुंदी ४, उंची ३) चित्र ताणून रुंद पडदा भरू नये, चेहरे चपटे दिसतात. बाजूला काळी पट्टी राहू द्या. दृश्यांमध्ये येणाऱ्या संवादांच्या मराठी पाट्या वाचायला पुरेसा वेळ मिळतो. पेटीवादक तर उत्तमच. बसायला मधल्या रांगा घ्या.