काम नाही झालं तर पैसे परत

सरकारी नोकरी लावून देतो म्हणत हे वाक्य जो कोणी ऐकवेल, त्याच्यापासून लांब राहा. "शंभर टक्के काम करून देतो" म्हणणाऱ्याला मी कधी भुललो नव्हतो. पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मागे सहा वर्षं काढली की असली माणसं चहाच्या टपरीवरच ओळखू येतात. मला बुडवलं ते पैसे परत देणाऱ्याने.

औसा तालुक्यातून 2017 ला पुण्यात आलो. कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरती भाड्याची खोली, मेसचा डबा, शास्त्री रस्त्यामागची अभ्यासिका, अप्पा बळवंत चौकातली जुनी पुस्तकं. पीएसआयची मेन्स दोनदा दिली, एकदा ग्राउंडपर्यंत, म्हणजे मैदानी चाचणीपर्यंत पोचलो. मार्च 2021 मध्ये एमपीएससीची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना पुढे ढकलली, तेव्हा नवी पेठेत रस्त्यावर बसलेल्यांत मीही होतो. 2023 उजाडलं तोवर तिशी आली होती. गावाकडच्या फोनवर "अभ्यास कसा चाललाय?" हा प्रश्न येणं बंद झालं होतं. तो प्रश्न येतो तेव्हा राग येतो, बंद होतो तेव्हा झोप जाते.

त्यात तलाठी भरतीची जाहिरात आली. 4,644 जागा, खुल्या गटाला 1,000 रुपये फी, आणि अर्ज दहा लाखांच्या वर.

तो पैसे परत देणारा भेटला तो याच वेळी. त्याला सगळे 'सर' म्हणायचे. कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नव्हता, पण कुणाला नोट्स दे, कुणाचं मेसचं बिल भर, असं चाललेलं असायचं. आमच्याच अभ्यासिकेतल्या एका सीनियरने आधीच्या एका भरतीत त्याला तीन लाख दिले होते. काम झालं नाही आणि महिन्याभरात सगळे पैसे परत मिळाले. मी स्वतः त्या सीनियरला विचारलं. "पै न् पै दिली रे, माणूस शब्दाचा पक्का आहे." झालं. इतकी चौकशी केल्यावर मला वाटलं, मी फार हुशारीने चाललोय.

बोली बारा लाखांची झाली. चार आधी, आठ यादीत नाव आल्यावर. घरी आण्णांना सगळं खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "माणूस खात्रीचा हाय का?" बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम मोडली. साडेतीन लाख रोख स्वारगेटजवळ गाडीत बसून दिले, पन्नास हजार एका अनोळखी बाईच्या खात्यावर फोनवरून पाठवले. दहावी, बारावी, पदवीची मूळ कागदपत्रं खाकी पाकिटात घालून त्याच्या हातात दिली. वर सही केलेला कोरा चेक आणि 500 रुपयांचा कोरा स्टॅम्पपेपर, तोही सही करून. "दोघांच्या सेफ्टीसाठी." सहा वर्षं कायद्याची कलमं पाठ करत होतो मी. कोऱ्या स्टॅम्पवर सही करताना एकही आठवलं नाही.

शेवटी तो म्हणाला, "पेपर मनापासून दे. जेवढं येतं तेवढं सोडव. बाकी वरचे बघतील. आणि आपले मेसेज डिलीट करत जा." मी केले. तुम्ही करू नका.

परीक्षा 17 ऑगस्ट ते 14 सप्टेंबर 2023 दरम्यान 57 सत्रांत झाली. जानेवारीत गुण लागले, आणि नॉर्मलायझेशनमुळे (कुठल्या सत्राचा पेपर सोपा, कुठला अवघड, म्हणून गुण कमी-जास्त करून जुळवतात ते) 200 पैकी 214 गुण अशा बातम्या आल्या. राज्यभर गदारोळ. सरने मात्र ते वर्तमानपत्र आम्हालाच दाखवलं : "बघा, वरून गुण वाढतात ते असे." लोकांना संशय आला त्या बातमीतून त्याने स्वतःची जाहिरात करून घेतली.

माझं नाव यादीत नव्हतं. माझ्या रूममेटचं होतं. त्यानेही त्यालाच चार लाख दिले होते. हे आम्ही एकमेकांना त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं. दीड वर्ष एकाच खोलीत झोपत होतो.

मग हिशोब कळला. सरने काहीच केलं नव्हतं. अभ्यास चांगला असलेली पंधरा-वीस पोरं हेरायची, प्रत्येकाकडून चार घ्यायचे. त्यातली दोन-तीन स्वतःच्या जोरावर लागतातच. त्यांच्याकडून उरलेले आठ घ्यायचे. न लागलेल्यांपैकी एक-दोघांचे परत करायचे म्हणजे ते पुढची पोरं आणतात. बाकीच्यांना झुलवायचं. मूळ कागदपत्रं का लागतात? लागलेला पोरगा आठ लाख बुडवून पळू नये म्हणून. आणि "मनापासून सोडव" का? आपण पास झालो तरच त्याचा धंदा.

मला त्याने एक लाख परत दिला. मग "पुढच्या आठवड्यात", मग फोन बंद. मधेच जिल्हा परिषदेच्या भरतीत कागदपत्र तपासणीला नाव आलं, आणि माझी पदवी त्याच्या कपाटात. निरोप्यामार्फत चाळीस हजार मोजून मी माझीच कागदपत्रं सोडवली. तिथेही प्रतीक्षा यादीतच राहिलो.

तक्रार करायला सहा महिने लावले. भीती स्टॅम्पपेपरची होतीच, त्याहून मोठी कलमाची. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 ला दुरुस्ती झाली, लाच देणाराही गुन्हेगार, सात वर्षांपर्यंत शिक्षा. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवलं तरच सवलत. आम्हाला कुणी जबरदस्ती केली नव्हती. सर याच गप्प बसण्यावर जगतो. शेवटी तिघांनी मिळून, वकिलाला विचारून, लेखी तक्रार दिली. हवालदारांनी पुरावा विचारला तेव्हा माझ्याकडे होती ती पन्नास हजारांची एक नोंद. रोखीच्या साडेतीन लाखांचं तोंडानेच सांगायचं. अर्ज घेतला, चौकशी चालू आहे, पैसे काही हातात नाहीत. देऊन बसला असाल तर माझ्यासारखे सहा महिने घालवू नका, मेसेज असतील तसे ठेवा आणि आधी वकील गाठा.

रूममेट आता तलाठी आहे. त्याने उरलेले आठ लाख दिले, रान गहाण टाकून. मी त्याला म्हटलं होतं, देऊ नकोस. परीक्षेनंतर प्रत्येकाला आपापली उत्तरं आणि उत्तरतालिका लॉगिनवर बघता येत होती. आम्ही दोघांनी तेव्हाच वहीवर टिका मारत मोजलं होतं. प्रत्येक बरोबर उत्तर त्याने स्वतः दिलेलं होतं. तरी त्याला भीती, नाही दिले तर काढून टाकतील.

अजून रात्री कधीतरी त्याचा फोन येतो. "खरं सांग, पैसे न देता लागलो असतो का रे मी?" मी वहीच्या त्या पानाचा फोटो पुन्हा पाठवतो. तो बघतो, उत्तर देत नाही. महिना-दोन महिन्यांनी परत तेच विचारतो.